आधी इंजिन, मग पाणी

बटण दाबलं आणि आतून नुसतं ‘ठक्’ झालं. पुढं काहीच नाही. इंजिन फिरलं नाही, घुरघुरलं नाही, खोकलंसुद्धा नाही. माझा अंगठा बटणावरनं उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. वीस वर्षं झाली, मी लातुरात मोटर-पंपाचा मिस्त्री आहे. वीरण्णा म्हटलं की लोक टिनाच्या शेडाकडं बोट दाखवतात. पाचशे फूट खाली बोअरमध्ये अडकलेली मोटर मी वरनं नुसता पाइप हलवून ओळखतो. त्यामुळं ह्या ‘ठक्’चा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. जिथं फक्त हवा आणि पेट्रोल जायचं तिथं पाणी जाऊन बसलं होतं, आणि ते माझ्याच हातानं गेलं होतं. शेडाच्या दारात बसम्मा, माझी बायको, चहाचा कप घेऊन उभी होती. “झालं का चालू?” ती म्हणाली. “प्यायला आठ दिवसाला येक डाव नळ येतो, आन् तुमी ह्या मढ्याला दोन टिपाडं पाणी पाजून बसलाव!” असं म्हणून तिनं कप दगडावर आपटला आणि गेली. तिचंही खरंच होतं. लातुरात पाण्यावरची स्कूटर दुरुस्त करत बसणाऱ्या माणसाला शहाणा कोण म्हणणार?

पाण्यावरची स्कूटर हे नाव आलोकनं दिलेलं. आलोक म्हणजे माधवराव सरांचा एकुलता एक मुलगा, आणि माधवराव सर म्हणजे ज्यांच्या अंगणातल्या शेडात मी वीस वर्षं बसलोय ते. ही स्कूटर दिसायला मोटारसायकलसारखी, लांब सीट, हँडल, सगळं. फक्त चाकं नाहीत. पोटात इंजिन आणि शेपटाला पंप. खालनं पाणी ओढायचं, मागं फेकायचं, की गाडी पुढं पळते. नांदेडला गुरुद्वाऱ्याचा तो मोठा सोहळा झाला त्या वर्षी आलोकनं ती मुंबईकडून जुनी विकत आणली आणि विष्णुपुरीच्या धरणावर लोकांना पैसे घेऊन फेऱ्या मारून आणायला सुरुवात केली. एक उन्हाळा बरा गेला. मग पाणी आटलं, धंदाही आटला. त्यानं गाडी ट्रॉलीवर घालून घराच्या मागं आणून ताडपत्रीखाली ठेवली आणि गोव्याला निघाला, कुणाच्या तरी बोटीवर नोकरीला. निघताना फाटकापाशी सर त्याला म्हणाले, “तुला शिकवण्यात माझी वर्षं वाया गेली.” मी शेडात होतो, हातात मोटरच्या तारेचं वेटोळं होतं, आणि ऐकू नये ते ऐकलं. त्यानंतर पाच वर्षं बाप-लेक एकमेकांशी बोलले ते प्रमोदिनीकाकूंच्या, म्हणजे आलोकच्या आईच्या, तोंडून. फोन काकू घ्यायच्या, “त्याला विचार जेवतो का वेळेवर,” असं सर भिंतीकडं बघून म्हणायचे.

आता असं आहे की ह्या गावात फिजिक्स म्हणजे काय हे बाहेरच्याला नाही समजायचं. सरांनी ओसरीवर अकरा पोरं बसवून शिकवायला सुरुवात केली तेव्हा आमच्या गल्लीत गाढवं फिरायची. आज त्याच गल्लीत चालताना पोरापोरींच्या दप्तरांचे धक्के खावे लागतात. अहमदपूर, मुरूड, शिरूर अनंतपाळ, कुठली कुठली पोरं. मेस, हॉस्टेल, झेरॉक्स, आणि भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो. सरांचे किती विद्यार्थी डॉक्टर झाले ह्याची मोजदाद सरांनाही नसेल. आणि त्या सरांच्या पोराला बारावीला फिजिक्समध्ये बेचाळीस. चहाच्या टपरीवर लोक हसले. त्या जूनपासून सरांनी ओसरीवरची शिकवणी बंद केली ती केलीच. मला आतल्या आत वाटायचं, पोरगं वर्षभर अभ्यास सोडून माझ्या शेडात बसायचं, बेअरिंग धुवायचं, वाइंडिंग करायचं. माझ्यामुळं ते वाटेवरनं उतरलं. सर एका शब्दानं तसं म्हणाले असते तर मी शेड सोडून गेलो असतो. पण सर म्हणाले नाहीत. नंतर कधीतरी नुसतं विचारलं, “त्याचा हात चांगला आहे का रे?” मी म्हणालो, “सर, माझ्यापेक्षा चांगला हाय.” त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

तर जानेवारीत एका दुपारी सर शेडात आले. कधी येत नाहीत. इकडं तिकडं बघितलं, एक नट उचलला, परत ठेवला. “वीरण्णा, ती गाडी चालू होईल का?”

“कोनती सर?”

“ती. मागची.” मग जरा थांबून, “आलोक येतोय पुढच्या महिन्यात. आठ दिवस.”

बास. एवढंच. पण वीस वर्षांत सरांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. ह्या माणसानं मला काय दिलं ते मी पुढं सांगतो, आणि मी त्याला काय दिलं? त्यांच्या विहिरीची मोटर दोन डाव फुकट दुरुस्त करायला गेलो, तर तेव्हाही काकूंनी जबरदस्तीनं पैसे हातात कोंबले. त्यामुळं “बघतो सर” म्हणालो आणि हातातली मोटर तिथंच बाजूला सारली. पोराला ‘चुकलं माझं’ म्हणायला सरांना तोंड नव्हतं. ही गाडी चालू करून ते तेवढं म्हणणार होते. हे न कळायला मी काय बैल आहे?

ताडपत्री काढली तर आत उंदरांचं गाव. हवेच्या डब्यात त्यांनी घरटं केलेलं, आणि तेही कशाचं, तर टेस्ट सिरीजच्या कागदांचं! अ, ब, क, ड, योग्य पर्याय निवडा. लातूरचे उंदीर ते. पेट्रोलला कुजका वास, कार्बोरेटरमध्ये काकवीसारखा चिकट थर, रबरी नळ्या वाळक्या शेंगेसारख्या कडकड मोडणाऱ्या. पंपाचं बेअरिंग जाम. मी वीस दिवस दुसरं काम घेतलं नाही. गिऱ्हाइकं शिव्या देऊन गेली. एकेक सुटा भाग रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासला, नळ्या बदलल्या, टाकी धुतली, बॅटरी नवी घातली. काकू रोज संध्याकाळी यायच्या, सीटवरनं हात फिरवायच्या, “होईल ना रे?” एवढंच विचारायच्या. “होईल की काकू, न होऊन जाईल कुठं?” मी म्हणायचो. सरांनी पहिल्याच दिवशी मला कागद दिले होते, गाडीच्या इंग्रजी पुस्तकातलं सगळं मराठीत उतरवलेले, त्यांच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात, मुद्दे घालून, खाली रेघा मारून. बारावीच्या नोट्सच. त्यात एक चौकट होती आणि चौकटीत लिहिलेलं: ‘जमिनीवर चालू करून बघताना आधी इंजिन, मग नळीचं पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. अत्यंत महत्त्वाचे.’

मी ते वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. वाचलं आणि हसलो. पंप कोरडा चालवतात होय कुठं? शेतातलं शेंबडं पोरगं सांगेल, आधी पाइपात वरनं पाणी भरायचं, हवा काढायची, मग स्टार्टर ओढायचा. कोरडा फिरवला तर पंप जळतो. जन्म गेला माझा लोकांना हेच ओरडून सांगण्यात. म्हटलं, सरांचा हात चुकला, वय झालं, पुस्तकातली माणसं ती. आणि माझ्या हातानं नळी जोडली, टिपाडातली छोटी मोटर चालू केली, पाणी चांगलं भरू दिलं, अजून थोडं भरू दिलं, आणि मग बटण दाबलं. ठक्. आता सांगून काय उपयोग, पण ही गाडी इंजिन गार करणारं पाणी धुराच्याच वाटेनं बाहेर टाकते. इंजिन चालू असेल तर धूर पाण्याला ढकलतो. बंद असेल तर पाणी उलटं वर चढतं आणि थेट सिलिंडरमध्ये. शहाणपणा नडला, दुसरं काय?

दुसऱ्यांदा बटण दाबावं असं हाताला वाटत होतं. हाताला अक्कल नसते. अडकलंय तर जोर लाव, हेच त्याला कळतं. आणि तेवढ्यात, कसं सांगू, मला तोंडात मातीची चव आली. वीस वर्षांपूर्वीची. किल्लारीच्या अंगाला आमचं गाव, दगड-मातीचं घर, वर दोन हात जाड मातीचं धाबं. आदल्या संध्याकाळी गणपती बुडवून आलो होतो, गुलाल अजून कानात होता. मग पहाटे भूकंपात काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. मला फक्त एवढं माहीत आहे की उजवा हात माझा नव्हता, पाय माझे नव्हते, छातीवर तुळई होती, आणि डावा हात गळ्यापाशी मोकळा होता. गळ्यात चांदीची डबी, डबीत आम्हा लिंगायतांचं इष्टलिंग, अव्वानं, माझ्या आईनं, घातलेलं. पलीकडं अव्वा आणि अप्पा होते. पहिल्यांदा अव्वाचा आवाज येत होता. मग आला नाही. वरनं माणसांचे आवाज येत होते, पहारींचे, रडण्याचे, ट्रकचे. ओरडायला गेलो तर तोंडात माती. मी डबी दगडावर आपटायला लागलो. टक. टक. एवढ्या गोंगाटात कोण ऐकणार? कुणीतरी वरनं म्हटलं, “हितं कुनी न्हाई आता, फुडं चला.” हे मी माझ्या कानानं ऐकलेलं आहे.

आणि मग एकदम सगळं गप्प झालं. नंतर लोकांनी मला सांगितलं, लातूरहून आलेले एक मास्तर, पँट वर दुमडलेली, पोरांचा ट्रक घेऊन आलेले, ते आमच्या ढिगाऱ्यावर उभे राहिले आणि त्यांनी नुसता हात वर केला. पंजा उघडा, जसा वर्गात करतात. सगळे थांबले. पहारी थांबल्या, रडणारी बाईसुद्धा थांबली. टक. टक. सरांनी ऐकलं. दोन दांडग्या माणसांना माझा हात दिसला तसे ते ओढायला लागले, तर सर असे ओरडले त्यांच्यावर! “ओढू नका! आधी वरचे दगड, मग माती, मग माणूस. क्रम चुकला तर मरेल तो.” चार तास लागले. चार तास सर पोटावर झोपून माझ्याशी बोलत होते. काय बोलत होते? सतराचा पाढा विचारत होते. मला येत नव्हता. म्हणाले, “हरकत नाही, बाहेर आल्यावर पाठ कर.” पुढं दवाखाना, पुढं लातूर, पुढं ह्या अंगणातली ही टिनाची शेड. “इथं बस, तुझं काम कर,” म्हणाले. ना भाडं, ना उपकाराची भाषा. आणि मी कधी साधं बोललो नाही. आमच्यात तसं बोलायची रीत नाही, आणि ‘आभारी आहे’ हा पाण्याच्या पेल्यासाठी म्हणायचा शब्द, ज्यानं जीव वाचवला त्याला तो कसा पुरणार?

क्रम. वीस वर्षांपूर्वी ह्याच माणसाच्या क्रमानं मी जगलो, आणि आज त्यांनी चौकटीत लिहून दिलेला क्रम मी हसण्यावारी नेला. अंगठा मी खिशात घातला. उठलो आणि ओसरीवर गेलो. सर पेपर वाचत होते. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. “सर, चुकी झाली. पानी आधी देलं. आत गेलंय. पिस्टनचा दांडा वाकला असंल तर...” सरांनी चष्मा काढला. “बटण किती वेळा दाबलंस?”

“येकदाच.”

“नक्की?”

“लिंगाची आण सर.”

“मग एवढं काय? पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पिस्टन पाण्यावर जाऊन अडला. जोर केला नाहीस ना? मग वाकला नसेल.” मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिथंच पायरीवर बसलो आणि भडाभडा बोलायला लागलो. “सर, त्या दिवशी तुमी हात वर केला नसता तर मी आज, मी कधी बोललो न्हाई, बसम्मा म्हनते बोला, पन मला...” सर उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते, मी बघितलं. आवाज मात्र वर्गातला. “आधी प्लग काढ. मग बोल.”

दोघं शेडात आलो. प्लग काढले. सरांनी बटणाकडं बोट केलं. मी दाबलं, आणि प्लगच्या भोकांतून पाण्याच्या दोन पिचकाऱ्या उडाल्या, एक टिनाला, एक थेट सरांच्या शर्टावर. इंजिन मोकळं फिरत होतं! सर शर्ट झटकत हसायला लागले. आवाजानं काकू धावत आल्या, मागनं बसम्मा. “अगंबाई, भिजलात की!” काकू म्हणाल्या. “सावकाश,” सर म्हणाले, “अजून दांडा बघायचा आहे.” ते मी केलं. सायकलची एक तार घेतली, इंजिन हातानं फिरवत एका भोकात पिस्टन सगळ्यात वर आणला, तार आत टेकवली आणि वर नखानं खूण केली. मग दुसऱ्या भोकात तसंच. नखाची खूण बरोबर त्याच जागी आली. दांडा सरळ होता. मी तार कपाळाला लावली. थोडं तेल सोडलं, प्लग वाळवून बसवले. सरांनी कागद हातात धरून मोठ्यानं वाचलं, “आधी इंजिन.” मी बटण दाबलं. एक गचका, दुसरा, निळा धूर, आणि असं गर्जलं ते की टिन थरथरलं. बाजूच्या हॉस्टेलच्या खिडक्यांत पोरींची डोकी आली. “मग पाणी!” सर त्या आवाजातनं ओरडले, आणि बसम्मानं, जिला ह्या गाडीचा एवढा राग, तिनंच पळत जाऊन मोटरचं बटण दाबलं.

आलोक रविवारी सकाळी आला. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली. आईच्या पाया पडला, बापाच्या पडला. “प्रवास बरा झाला?” “हो.” संपलं. मग त्याचे पाय आपोआप शेडाकडं वळले. गाडी बघून तो जागच्या जागी थांबला. “चालू आहे?” मी सगळं सांगितलं, लपवून काय करायचं? पाणी आधी दिलं हेही. तर तो पाच वर्षांनी माझ्यासमोर खदखदा हसला. “काका, मीपण पहिल्या दिवशी तेच केलं होतं. नांदेडला, सगळ्यांसमोर. पंप कोरडा चालवायचा नाही, तुम्हीच शिकवलंत ना!” मागनं सर येऊन उभे होते ते आम्हाला दिसलं नव्हतं. “म्हणजे वाचत कुणीच नाही,” ते म्हणाले. आलोकनं भिंतीला खोचलेले कागद घेतले. बघत राहिला. सरांची सवय अशी की कुठलीही नोट लिहिली की उजव्या कोपऱ्यात तारीख. पोरांनाही तेच वळण. वीस दिवस मी ते कागद हाताळले, पण कोपरा बघितला नव्हता. आलोकनं बघितला. “दोन नोव्हेंबर, दोन हजार आठ,” त्यानं वाचलं. “गाडी मी ऑक्टोबरात आणली होती.” तो सरांकडं वळला. “बाबा, तेव्हाच लिहिलं होतं? मग दिलं का नाही?” सरांनी गाडीच्या हँडलवरची नसलेली धूळ पुसली. “तू विचारायला येशील असं वाटलं,” ते म्हणाले. आलोकनं कागदांची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

नांदेडला आम्ही मंगळवारी गेलो, टेम्पोत गाडी, पुढं सर आणि काकू, मागं मी आणि आलोक. त्याच्या जुन्या ओळखीच्या माणसानं परवानगी काढून ठेवली होती. विष्णुपुरीचं पाणी त्या दिवशी काठोकाठ होतं, एवढं पाणी दिसलं की लातूरकर नुसता बघतच राहतो. सर पुढच्या महिन्यात पासष्टचे होणार, तरी फुगीर जाकीट घालून पोराच्या मागं बसले, चष्मा दोरीनं बांधलेला. दोन्ही हातांनी त्यांनी आलोकची कंबर धरली. काकू हसत होत्या आणि पदर तोंडात कोंबत होत्या. गाडी सुटली. पांढरी रेघ ओढत लांब गेली, वळली, अजून लांब गेली, आणि मधोमध पाण्यात एकदम बंद पडली. आवाज तुटला. कुठली नळी सुटली, कुठलं बेअरिंग गेलं, सगळं डोळ्यांपुढनं फिरलं. काठावरचे लोक ओरडायला लागले, “बंद पडली! बोट काढा!” काकूंनी माझा हात धरला.

आणि मी बघितलं, सरांनी हात वर केला होता. पंजा उघडा. तसाच.

“ओरडू नका,” मी लोकांना म्हणालो. “गप बसा सगळे. बंद पडली न्हाई, त्यांनीच बंद केलीय. सर ऐकायलेत.” का कुणास ठाऊक, लोक गप्प झाले. पाण्यावर ती दोघं नुसती डोलत बसली होती. आलोकची मान खाली होती, मग तो मागं वळला, हातवारे करत काहीतरी सांगायला लागला, बराच वेळ सांगत राहिला, आणि सरांची मान हलत होती. माझा हात गळ्यातल्या डबीकडं गेला. काकू रडत होत्या, त्यांना मी रडू दिलं. मग सरांचा हात खाली आला, लांबून इंजिनाचा आवाज आला, पहिल्याच बटणाला, आणि गाडी आमच्याकडं यायला निघाली.